गळ, मोरपीस आणि चष्म्याचा नंबर

औंधकरांना व्यायामाचे महत्त्व सांगायला नको. श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी (१८६८–१९५१) संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार सक्तीचे केले होते. पण नमस्कार घालून मूल पुन्हा मोबाईलवर वाकून बसले, तर डोळ्यांचे काय?

माझ्या दहा वर्षांच्या मुलाला चष्मा लागला, तेव्हा तीस वर्षांनी मी गळ हातात घेतला. बापलेक येरळवाडीच्या तलावावर गेलो. (अशा तलावांत मासेमारीचा ठेका असतो, विचारूनच बसावे.) तरंगायला मोरपिसाचा दांडा तंगुसाला बांधायचा, ती गाठच आठवेना. पहिल्याच फेकीत तंगूस बाभळीत अडकला, सोडवताना गळ अंगठ्यात रुतला. धनुर्वाताचे इंजेक्शन घ्यावे लागले. मुलगा मात्र खूष! बापालाही येत नाही, हे त्याला फार आवडले.

दोन तासांत बोटभर चिलापी मिळाली. पण तेवढा वेळ तो उघड्या उजेडात होता. उजेडाने डोळ्याच्या पडद्यात डोपामिन स्रवते व नेत्रगोल लांबट होण्यास आळा बसतो, असे तज्ज्ञ मानतात. लागलेला नंबर याने जात नाही. ज्यांना अजून लागलेला नाही त्यांना मात्र रोज दोन तास बाहेर काढाच. रोज तलाव कुठला? अंगण, मैदानही चालते. त्यापायी एखादा क्लास बुडाला तर बुडू द्या.

पाण्याकाठी मूल आपल्या हाताच्या अंतरावर हवे. गळाचा उलटा काटा पकडीने दाबून टाकावा, म्हणजे रुतला तरी सहज निघतो. मला हे अंगठ्याने शिकवले.

येत्या रविवारी धाकटीही येणार म्हणते.