सोनें, कांच आणि चित्रकाराचा हात

मण्यांचें तोरण ज्यांनीं एकदां तरी विणलें असेल, त्यांना हा अनुभव असेलच : सुटा मणी हातांत असतांना निर्जीव वाटतो; शेजारच्या मण्याला भिडला म्हणजे बोलूं लागतो. मोझेइक या चित्रप्रकाराचें मर्म हेंच आहे. कांचेचे व दगडाचे लहान लहान तुकडे ओल्या चुन्यांत एकाशेजारीं एक बसवून हें चित्र सिद्ध होतें. त्यांत रंगांत रंग मिसळण्याची सोय नाहीं, आणि चुना सुकल्यावर चुकलेली रेषा पुसतांही येत नाहीं. कुंचल्यावर हुकमत असलेल्या चित्रकाराला मग या कलेचा मोह कां पडावा? व्हिएन्ना येथील गुस्ताव्ह क्लिम्ट (१८६२–१९१८) याचें उदाहरण या दृष्टीनें मनन करण्यासारखें आहे.

क्लिम्टचे वडील सोन्यावर नक्षी कोरणारे कारागीर होते. तेव्हां सोन्याशीं त्याची ओळख घरांतलीच. १९०३ सालीं तो इटलींतील रॅव्हेन्ना या गांवीं एकदां नव्हे, दोनदां गेला. तेथील सान व्हिताले या सहाव्या शतकांतील मंदिरांत सम्राट जस्टिनियन व सम्राज्ञी थिओडोरा यांचीं मोझेइक-चित्रें आहेत. सोन्याचा वर्ख कांचेच्या दोन थरांमध्यें कोंडून त्यांतील सोनेरी तुकडे केलेले असतात. असे तुकडे किंचित् कलते बसविले म्हणजे पाहणारा चार पावलें सरकतांच प्रकाशही भिंतीवर सरकतो. जुन्या कारागिरांनीं जणूं भिंतीला श्वास दिला!

या दर्शनाचा परिणाम क्लिम्टच्या चित्रांत लवकरच दिसूं लागला. १९०७ सालीं पुरें झालेलें आडेले ब्लोख-बाउअर हिचें व्यक्तिचित्र किंवा त्यानंतरचें ‘चुंबन’ हें चित्र पाहावें : मनुष्याचा चेहरा तेवढा मृदु, आणि वस्त्रें मात्र सोनेरी चौकोन व वर्तुळें यांनीं मढलेलीं. परंतु तेथें कापडावर रंगानें व वर्खानें मोझेइकचा आभास केलेला आहे. खरें मोझेइक तें नव्हे.

खऱ्या मोझेइकची संधि त्याला ब्रुसेल्स येथें मिळाली. आडोल्फ स्टोक्ले या धनिकाचा प्रासाद वास्तुशिल्पी योझेफ हॉफमन बांधीत होता. त्यांतील भोजनगृहाच्या भिंती क्लिम्टकडे आल्या. वळणावळणाच्या फांद्यांचा जीवनवृक्ष, प्रतीक्षा करणारी नर्तकी आणि आलिंगनांत हरवलेलें युगुल अशी ही योजना होती. क्लिम्टनें पूर्णाकृति आराखडे काढले. कोठें सोनें, कोठें मिन्याचें काम, हेंही त्यांवर लिहून ठेविलें. पण भिंतीवरील काम त्याच्या हातचें नाहीं. लेओपोल्ड फोर्स्टनर व इतर कारागिरांनीं संगमरवरावर तें जडविलें आणि १९११ सालीं तें पुरें झालें.

स्वतःची रेषा परक्या हातीं सोंपविणें चित्रकाराला सोपें नसतें. आणि क्लिम्ट तर मानी पुरुष. विद्यापीठाकरितां काढलेल्या त्याच्या तीन भव्य चित्रांवर वादळ उठलें, तेव्हां १९०५ सालीं घेतलेले पैसे परत करून त्यानें तीं स्वतःकडे ठेविलीं होतीं. दुसऱ्याच्या मर्जीखालीं आपली कला जाऊं नये, हा त्याचा बाणा होता. तोच मनुष्य कारागिरांकरितां सूचना लिहीत बसला, हें मला विशेष वाटतें.

पुढें दैवाचा खेळ पाहा. दुसऱ्या महायुद्धांत सुरक्षित राहावीं म्हणून तीं तीन चित्रें एका किल्ल्यांत हलविण्यांत आलीं आणि १९४५ सालीं तेथील आगींत भस्मसात झालीं. मूळ रंग तर गेलेच. मागें उरलीं तीं मुख्यतः त्यांचीं छायाचित्रें. ब्रुसेल्सची भिंत मात्र जागची हलली नाहीं.

तथापि या भिंतीची एक खंत सांगितली पाहिजे. रॅव्हेन्नाचें सोनें देवालयांत आहे; तेथें येणाऱ्या गरिबालाही तें दिसलें. क्लिम्टचें सोनें एका श्रीमंताच्या भोजनगृहांत जडलें, आणि दीर्घकाळ तें निमंत्रितांवांचून कोणाला दिसलें नाहीं. व्हिएन्नाच्या संग्रहालयांत जपलेल्या त्या आराखड्यांवरूनच बहुतेकांनीं त्याची कल्पना केली. चित्र टिकणें ही एक गोष्ट. तें चार डोळ्यांना भेटणें ही दुसरी. पहिली क्लिम्टला कारागिरांनीं मिळवून दिली. दुसरी त्यांच्या हातीं नव्हती.