दुकान हलवताना रुग्ण मागे राहू नये

संकेतस्थळावर औषधांचे दुकान चालविणाऱ्या वैद्यबंधूंपुढे सध्या एक प्रश्न वारंवार उभा राहतो. ज्या ई-कॉमर्स प्लॅटफॉर्मवर दुकान उभारले, तो महाग झाला, जुना झाला अथवा बंद पडण्याच्या बेतात आहे. तेव्हा दुसरीकडे जावे काय? जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र हे काम ‘संगणकवाल्याचे’ समजून त्याच्या हाती सोपविणे मला मान्य नाही. मालाची यादी तो नेईल. रुग्णाची नोंद नेणे हे वैद्याचेच काम आहे.

ही दुकाने आपण हौसेने थाटलेली नाहीत. लालबाग-परळच्या चाळींतील कुटुंबे १९८२ च्या गिरणी संपानंतर, आणि पुढे चाळींच्या जागी मनोरे उठू लागल्यावर, डोंबिवली, बदलापूर, विरारकडे गेली. गिरगावचीही तीच कथा. जागा सुटली तरी अनेकांनी आपला वैद्य सोडला नाही. प्रकृती पाहण्यासाठी ते वर्षातून दोनदा दादरला येतात, एरवी औषध कुरियरने मागवितात. संकेतस्थळ हा त्या नात्याचा लांबलेला हात आहे.

कोणताही प्लॅटफॉर्म कायमचा नसतो, हे मुंबईकरांनी जवळून पाहिले आहे. २००० साली याच शहरात सुरू झालेली ‘बाझी’ २००४ मध्ये ‘ईबे’ने विकत घेतली. पुढे २०१७ मध्ये ईबेचा भारतातील व्यवसाय ‘फ्लिपकार्ट’कडे गेला आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ते भारतीय संकेतस्थळच बंद झाले. तेथे वर्षानुवर्षे मिळविलेले ग्राहकांचे अभिप्राय विक्रेत्याला गाठोड्यात बांधून दुसरीकडे नेता येत नाहीत. स्वतःचे स्वतंत्र दुकान असणाऱ्यांचीही यातून सुटका नाही. ‘मॅजेंटो’ या प्रणालीच्या पहिल्या आवृत्तीचा आधार ३० जून २०२० रोजी संपला. दुसरी आवृत्ती रचनेनेच निराळी असल्याने नाव तेच राहूनही दुकान जवळजवळ नव्याने मांडावे लागले. म्हणून निदान संकेतस्थळाचे नाव तरी वैद्याच्या स्वतःच्या नावे नोंदलेले असावे. ते बनवून देणाऱ्याच्या नावे असेल, तर घर आपले आणि सातबारा दुसऱ्याचा अशी गत होते.

आता मुख्य मुद्दा. मालाचे नाव, किंमत, छायाचित्र व ग्राहकाचा पत्ता या गोष्टी तक्त्याच्या रूपाने सहज हलतात. पूर्वीच्या मागण्यांचा इतिहास तितका सहज हलत नाही. आणि ‘चिकित्सापत्र जोडल्याशिवाय हे औषध मिळणार नाही’ ही अट तर बहुधा मूळ प्रणालीत नसतेच. ती वरून बसविलेल्या एखाद्या जोडणीत असते, आणि जोडणी जुन्या जागीच राहते. परिणाम असा की, काल चिकित्सापत्राशिवाय न मिळणारी त्रिभुवनकीर्ती आज शतावरी चूर्णाप्रमाणे कोणीही टोपलीत टाकू शकतो. तिच्यात हिंगूळ आहे, वत्सनाभ आहे. ही दोन्ही द्रव्ये औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीच्या ‘ई (१)’ परिशिष्टात आहेत, आणि ती असलेल्या औषधाच्या वेष्टनावर ‘वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे’ ही सूचना बंधनकारक आहे. पारद असल्याने आरोग्यवर्धिनीलाही हेच लागू. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने फेब्रुवारी २०२२ मध्ये ई-कॉमर्स मंचांना बजावले की, अशी औषधे नोंदणीकृत वैद्याचे चिकित्सापत्र ग्राहकाने चढविल्यावरच विकावीत. आयुर्वेदीय औषधांच्या किरकोळ विक्रीला वेगळा परवाना लागत नाही. याची सोय आपण भोगतो, तेव्हा दारावरचा पहाराही आपणच द्यायला हवा.

दुसरी गोष्ट अनुपानाची. जुन्या संकेतस्थळांवरील मराठी मजकूर कित्येकदा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेला असतो. नव्या जागी त्याची निरर्थक चिन्हे होतात. युनिकोडमधील मजकूरसुद्धा तक्ता चुकीच्या पद्धतीने उघडून जतन केला की प्रश्नचिन्हांची रांग बनतो. किंमत इंग्रजी आकड्यांत असल्यामुळे शाबूत राहते आणि ‘जेवणापूर्वी, कोमट पाण्याबरोबर’ हे मात्र नाहीसे होते. तपासणारा संगणकतज्ज्ञ किंमत पाहून समाधानी होतो! अनुपान वैद्यानेच एकेका कल्पाचे पान उघडून वाचले पाहिजे. शंभर कल्प असतील तर दोन दुपारी जातील. त्या द्याव्यात.

तिसरी गोष्ट बॅच क्रमांकाची. उद्या एखाद्या निर्मात्याने सदोष बॅच परत मागविली, तर ती कोणाकोणाकडे गेली हे सांगता आले पाहिजे. तो तपशील जुन्या मागण्यांत असेल आणि जुने खाते वर्गणी थांबल्यावर मिटले असेल, तर सांगणार कोठून? म्हणून खाते मिटविण्यापूर्वी सर्व मागण्या व चढविलेली चिकित्सापत्रे स्वतःकडे उतरवून, कुलूपबंद प्रतीत ठेवावीत. ही रुग्णाची खासगी माहिती आहे. ती स्थलांतर करून देणाऱ्याच्या लॅपटॉपवर राहू देऊ नये.

ग्राहकांचे पासवर्ड बहुधा नव्या ठिकाणी चालत नाहीत, ते नव्याने करावे लागतात. तरुण ग्राहक निभावून नेतील. सत्तरीच्या आजींना दूरध्वनीच करावा. जुन्या पानांचे दुवे नव्या पानांकडे वळवून ठेवावेत, कारण ते रुग्णांच्या भ्रमणध्वनीत साठलेले असतात.

वेळेचे म्हणाल, तर गणेशोत्सवाचे दिवस टाळावेत. त्या काळात लालबागच्या रस्त्यातून कुरियरवाला वेळेवर पोहोचेल ही आशा व्यर्थ. त्यानंतरचा पितृपक्ष मला सर्वांत योग्य वाटतो. नव्या कार्याला तो वर्ज्य मानणारे नाराज होतील. पण मागणी मंद असताना हलविलेले दुकान सावकाश तपासता येते.

संघटनेच्या कार्यकारिणीला माझी एकच सूचना आहे. कल्पाचे नाव, निर्मात्याचा परवाना क्रमांक, बॅच, मुदत, ‘ई (१)’ द्रव्य आहे की नाही, आणि अनुपान, एवढ्या रकान्यांचा एक समान तक्ता तयार करून पुढील अंकाबरोबर सभासदांस द्यावा. प्लॅटफॉर्म कोणताही असो, हा तक्ता वैद्याच्या कपाटात राहील आणि नवे दुकान त्यावरून ताडून पाहता येईल.