टूथपेस्टची चाळीस खोकी आणि दुकानदाराची अमानत

परवा घरातली टूथपेस्ट संपली म्हणून बाजारात गेलो आणि अर्ध्या तासाने हात हलवत परत आलो. माल नव्हता म्हणून नव्हे, माल फार होता म्हणून! फळीवर मांडलेली चाळीस खोकी मी मोजली. कुठे मीठ, कुठे लवंग, कुठे कोळसा. एक दात पांढरे करणारी, एक हिरड्या बळकट करणारी, एक 'संपूर्ण' संरक्षण देणारी. एकाच कंपनीचे नऊ प्रकार. संपूर्ण संरक्षण एका खोक्यात असेल, तर उरलेल्या आठांत ते अपुरे आहे काय? मी दुकानदाराला विचारले. तो हसून म्हणाला, "चाचा, मलाही ठाऊक नाही. सेल्समन देऊन जातो, मी मांडून ठेवतो."

उत्तर प्रामाणिक होते. पण तेच मनाला लागले. ज्याच्या भरवशावर गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढते, त्यालाच आपला माल ठाऊक नसेल, तर त्याच्यात आणि फळीत फरक तो काय राहिला?

एके काळी घरात राखुंडी, कडुलिंबाची काडी किंवा काळे दंतमंजन असे. मिस्वाक तर आपल्या प्रेषितांची (स.) सुन्नत. कोलगेट 1937 पासून भारतात आहे, विको 1952 पासून. तरी कित्येक वर्षे दुकानात मोजकेच प्रकार असत. लोक "कोलगेट द्या" म्हणत, त्याचा अर्थ "टूथपेस्ट द्या" एवढाच असे. 1991 नंतर बाजार खुला झाला आणि फळ्या भरू लागल्या. मिस्वाकसुद्धा नळीत आली; बलसारा कंपनीचा 'मेस्वाक' हा छाप 2005 साली डाबरकडे गेला. बाजार वाढला याचे दुःख नाही. दुःख आहे ते नावे वाढली आणि समज घटली याचे.

खोक्यावरचा बारीक मजकूर वाचून पाहा. दात घासण्यासाठी खडूची भुकटी किंवा सिलिका, पेस्ट सुकू नये म्हणून सॉर्बिटॉल किंवा ग्लिसरीन, फेसासाठी साबणासारखा एक पदार्थ, चवीसाठी पुदिना आणि गोडवा. बहुतेक नळ्यांत हेच सापडते. खरे फरक दोन-तीनच. पहिला, फ्लोराइड आहे की नाही. दात किडू नयेत यासाठी त्याचा उपयोग सिद्ध झालेला आहे. त्याचे प्रमाण दहा लाखांत 1000 भागांपेक्षा जास्त नसावे आणि ते वेष्टनावर छापावे, असा आपल्याकडचा नियम आहे. वनस्पतींच्या नावाने विकल्या जाणाऱ्या अनेक पेस्टमध्ये ते नसते. दुसरा फरक, थंड-गरम लागल्यावर ठणकणाऱ्या दातांसाठीची पेस्ट. तिच्यात पोटॅशियम नायट्रेटसारखे वेगळे औषध असते. तिसरा, लहान मुलांची पेस्ट. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेडकडच्या काही गावांत पाण्यातच फ्लोराइड जास्त आहे. तिथे मुलांसाठी दंतवैद्याला विचारूनच पेस्ट घ्यावी. बाकी रंग, वास आणि खोक्यावरचे चित्र!

हे कोणी सांगत नाही म्हणून अफवा फोफावतात. नळीच्या टोकाला हिरवी पट्टी असेल तर माल नैसर्गिक आणि काळी असेल तर रासायनिक, असे आजही काउंटरवर ऐकू येते. ती पट्टी नळी कापणाऱ्या व बंद करणाऱ्या यंत्राला जागा कळावी म्हणून असते. तिचा आतल्या मालाशी संबंध नाही. हे गिऱ्हाइकाला सांगायला पैसा लागत नाही.

निवड वाढली की विक्री वाढते, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतील आयंगार व लेपर या दोन संशोधकांनी 2000 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. एका दुकानात त्यांनी कधी 24 प्रकारचे जॅम मांडले, कधी 6. चोवीस पाहायला जास्त लोक थांबले. पण थांबलेल्यांपैकी खरेदी केली शेकडा 3 जणांनी. सहा मांडले तेव्हा शेकडा 30 जणांनी. पुढच्या संशोधकांना दर वेळी इतका फरक दिसला नाही, हेही खरे. पण गोंधळलेले गिऱ्हाईक पिशवी न भरताच निघून जाते, हे गल्ल्यावर बसणाऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही. परवा मीच तसा निघून आलो.

आता दुकानदाराच्या बाजूने पाहू. चाळीस प्रकारांतले आठ-दहा रोज खपतात, बाकीचे धूळ खातात. कंपनीच्या योजनेपायी, दहावर एक फुकट म्हणून घेतलेला माल मुदत संपेपर्यंत पडून राहतो आणि परत घेताना सेल्समन तोंड फिरवतो. लहान दुकानदाराचे भांडवल असे खोक्यांत अडकते. मग घाऊक व्यापाऱ्याची उधारी वाढते, आणि उधारी भागवता भागवता माणूस व्याजाच्या दारात जाऊन उभा राहतो. ज्या गोष्टीपासून आपण अल्लाहचा आश्रय मागतो, तिच्याकडे जाणारी वाट कधी कधी अशा फुकटच्या खोक्यावरून जाते.

कोणी म्हणेल, "कमी प्रकार ठेवले तर गिऱ्हाईक मॉलमध्ये जाईल." मॉलची भिंत आपल्याला कधीच उभी करता येणार नाही. पण ती भिंत बोलत नाही, आपण बोलू शकतो. मागावरून थकून आलेल्या कारागिराला चाळीस खोकी नको असतात. "यातली कुठली बरी आणि परवडणारी?" एवढेच त्याला हवे असते.

मदीनेच्या बाजारात प्रेषितांनी (स.) धान्याच्या राशीत हात घातला, तर वर कोरडे आणि आत ओले धान्य लागले. ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाहीस, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले. हा प्रसंग आपण जुम्याच्या बयानात ऐकतो आणि धान्यापुरताच समजतो. ज्या पेस्टवर मार्जिन जास्त तीच "सर्वांत चांगली" म्हणून हातात ठेवणे, हेही ओले धान्य झाकणेच नव्हे काय? विचारणाऱ्याला खरा सल्ला देणे ही अमानत आहे.

तेव्हा व्यापारी बांधवांनो, फार काही करायचे नाही. सहा-आठ प्रकार निवडा: फ्लोराइडची एक स्वस्त आणि एक मध्यम, ठणकणाऱ्या दातांची एक, मुलांची एक, वनस्पतींची एक-दोन. जोडीला मिस्वाकच्या ताज्या काड्या. प्रत्येक खोके एकदा स्वतः वाचा. 2021 साली दुरुस्त झालेल्या नियमांप्रमाणे वेष्टनावर दर ग्रॅमची किंमतही छापावी लागते. ती गिऱ्हाइकाला बोटाने दाखवा. ग्लिसरीन प्राणिज की वनस्पतिज, असे कोणी विचारले आणि ठाऊक नसेल, तर "कंपनीला विचारून सांगतो" म्हणा आणि खरोखर विचारा.

फळीवर जागा रिकामी दिसली तर लाज वाटू देऊ नका. विश्वास बसलेले गिऱ्हाईक पुन्हा येते, मुलालाही त्याच दुकानात पाठवते. बरकत आहे ती तिथे.