नकाशातली पडीक जमीन, गावातलं गायरान

राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेने २०१४ मध्ये देशाची सौर क्षमता मांडली: सुमारे ७४९ गिगावॅट, त्यातले ६४ महाराष्ट्राचे. उपग्रहचित्रांवरून तयार झालेल्या नोंदींतून पडीक जमीन घ्यायची, तिच्या ३ टक्के भागावर पॅनेल बसतील असं धरायचं आणि तिथल्या उन्हाशी हिशेब जुळवायचा, अशी ती रीत.

लातूर-नांदेडला ऊन कमी पडायचं नाही. प्रश्न जमिनीचा आहे.

बालाघाटच्या माळावर उपग्रहाला मुरूम आणि खुरटं गवत दिसतं. त्याच गवतावर देवणी आणि लाल कंधारी जनावरं चरत आली. देवणी लातूरचा तालुका, कंधार नांदेडचा. दोन्ही जातींची नावं तिथूनच आलेली. संशोधक एम. डी. मधुसूदन आणि अबी वनक यांनी २०२२ मध्ये अशा मोकळ्या, अर्धशुष्क परिसंस्थांचा देशव्यापी नकाशा प्रसिद्ध केला. देशाची जवळपास १० टक्के जमीन त्यात मोडते आणि सरकारदरबारी तिचा मोठा भाग पडीकच ठरतो.

आता हा जमिनीचा प्रश्न कागदापुरता उरलेला नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या २०२३ मधल्या दुसऱ्या टप्प्यात सौर प्रकल्पांसाठी वीज उपकेंद्राजवळची जमीन हवी असते. रात्री-अपरात्री मोटार चालू करायला जाणाऱ्या शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, हा हेतू रास्तच. खासगी जमिनीला वर्षाला हेक्टरी सव्वा लाख रुपये भाडं आहे. सरकारी जमीन नाममात्र भाड्याने मिळते, म्हणून नजर आधी गायरानाकडे वळते.

त्या गायरानावर मराठवाड्यातली कित्येक भूमिहीन, बहुतांश दलित कुटुंबं वर्षानुवर्षं पेरतात. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ चा. तरीही अनेकांच्या नावावर सातबारा नाही, त्यामुळे जमिनीच्या डिजिटल नोंदीत ही माणसं दिसतच नाहीत.

उपाय उपग्रह-नकाशांच्या याच तंत्रात आहे. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र १९८८ पासून राज्याचे नकाशे करतं. त्यांवर चराई, पाणवठे आणि गायरानावरची वहिवाट यांचे थर चढवता येतील. लातूरच्या डाळमिलांची आणि आडत बाजारातल्या शेडची छपरंही मोजावीत. पडीक जमिनीच्या हिशेबात ती येतच नाहीत. निविदा निघण्याआधी हा नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा आणि तिथले आक्षेप गट क्रमांकासह त्यावर नोंदवावेत.