सहा ट्रॅक पुरेत!

परवा ऑफिसातल्या मित्राने माझा एलेक्ट्रॉनचा मॉडेल सायकल्स पाहिला. "सहाच ट्रॅक? सॅम्पलपण टाकता येत नाहीत? लॅपटॉपवर याच्या दसपट मिळतं की!" आम्हा आयटीवाल्यांचा हा जुना रोग. फीचरची यादी लांब म्हणजे वस्तू भारी!

मंडळी, एफएम म्हणजे एका लहरीने दुसरीची वारंवारता भराभर हलवायची. तेवढ्यातून घंटाही निघते नि ढोलही. जॉन चाउनिंगने हे १९६७ साली स्टॅनफर्डला शोधलं. यामाहाच्या डीएक्स-७ने १९८३ पासून ते जगभर नेलं, पण मेनूत असं पुरलं की बहुतेकांनी तयार आवाजच वाजवले. २०२० साली आलेल्या या डब्यात तेच मोजक्या नॉबवर आहे. शिवाय प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते, म्हणजे सात मात्रांचा रूपक सोळात कोंबायला नको.

नाशिक ढोलचा रेडीमेड लूप कुणीही टाकेल. मी तीन रात्री बसून किकमधून हाताची थाप नि टिपरूचा ठोका काढत होतो. हुबेहूब नाहीच जमलं! पण या गणपतीत मिरवणुकीत उभा राहिलो, तेव्हा जन्मभर नाशकात राहून पहिल्यांदा ढोल नीट ऐकला. लूपने हे दिलं असतं?

असो. तुमचे दोनशे ट्रॅक तुम्हाला लखलाभ!