वगळणुकीची कैफियत

फलंदाजास राष्ट्रीय संघातून वगळताना निवड समितीने कारणे देऊ नयेत, कारण त्यामुळे खेळाडूचा मानभंग होतो आणि समितीच्या स्वातंत्र्यावर गदा येते, असा जो पक्ष आपल्याकडे वर्षानुवर्षे मांडला जातो, तो वरकरणी सौजन्याचा भासला तरी परिणामी अन्यायालाच आश्रय देतो.

डिसेंबर २०१६ मध्ये चेपॉकवर इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ धावा काढणारा करुण नायर पुढच्याच, हैदराबादच्या, कसोटीत संघाबाहेर बसला. दुखापतीतून बऱ्या झालेल्या अजिंक्य रहाणेस त्याची जागा परत मिळाली. दोन वर्षांची कमाई दुसऱ्याच्या एका सामन्याने झाकोळत नाही, हे कर्णधार कोहलीचे तेव्हाचे म्हणणे मला न्याय्यच वाटते. परंतु २०१८ च्या इंग्लंड दौऱ्याचे समर्थन कोणत्या तत्त्वावर करावयाचे? नायर मालिकेच्या आरंभापासून संघासमवेत असता अखेरच्या ओव्हल कसोटीत मागाहून बोलावलेल्या हनुमा विहारीस खेळविण्यात आले, आणि त्यानंतर वेस्ट इंडीजविरुद्ध जी यादी मुक्रर झाली तीत नायरचे नावच नव्हते. विहारीने पदार्पणात ५६ धावा काढल्या. त्याच्याविषयी तक्रार नाही. त्या मालिकेत एकही चेंडू ज्याच्या वाट्यास आला नाही, तो कोणत्या परीक्षेत नापास झाला, एवढाच प्रश्न आहे.

‘चालू फॉर्म पाहावा, बाकी सारे गौण’ हा दुसरा पक्षही टिकत नाही. १९७१ च्या वेस्ट इंडीज दौऱ्यासाठी दिलीप सरदेसाईंची निवड अनिश्चित समजली जात होती. अजित वाडेकरांनी आग्रह धरला. किंग्स्टनला ५ बाद ७५ अशी दैना झाली असता सरदेसाईंनी एकनाथ सोलकरच्या साथीने डाव सावरला, २१२ धावा केल्या, आणि मालिकेअखेर त्यांच्या खात्यावर ६४२ धावा जमा झाल्या. पूर्वीच्या चार-दोन डावांचा हिशेब पाहणाऱ्यास हा मनुष्य दिसलाच नसता.

म्हणून माझे मागणे साधे आहे : ज्यास घेतले त्यास निदान एक मालिका सलग खेळू द्यावे, आणि ज्यास वगळले त्यास यादी जाहीर होण्यापूर्वी लेखी कारण देऊन त्याची नक्कल दफ्तरी ठेवावी. न्यायाधीश निकालाची कारणे लिहितो म्हणून त्याचे स्वातंत्र्य कमी होत नाही. निवड समितीचेही होणार नाही. त्रिशतकानंतर अवघ्या तीन कसोट्या खेळलेला नायर भारतातर्फे पुन्हा कसोटीत उतरला तो जून २०२५ मध्ये, लीड्सला.