ज्याचा माल, त्याचा डबा

आम्ही बाभुळगाव तालुक्यातले शेतकरी, शेतमजूर, पाठीवर पंप घेऊन फवारणी करणारे आणि त्यांचे फवारणीचे कपडे धुणाऱ्या बाया. आमचं म्हणणं थोडक्यात सांगता येतं. पिकावरच्या औषधाचा रिकामा डबा, बाटली आणि पुडी ज्या कंपनीने विकली, तिनेच ती स्वतःच्या खर्चाने परत न्यावी.

भादव्यात आमच्याकडच्या कोणत्याही धुऱ्यावरून चालून पाहा. पऱ्हाटी कमरेला लागलेली असते, सोयाबीन शेंगांवर असते आणि नाल्याच्या काठाला बाटल्या पडलेल्या असतात. त्यांच्यावरचा लाल त्रिकोण अजून स्पष्ट दिसतो. जोराचा पाऊस आला की त्या वाहत जातात. नाला बेंबळेला मिळतो, बेंबळा वर्धेला. ज्या वाहत नाहीत त्या उन्हाळ्यात पालापाचोळ्याबरोबर जळतात. बरा दिसणारा डबा धुऊन घरात येतो, त्यात रॉकेल नाहीतर बियाणं ठेवलं जातं. तालुक्याच्या गावात घंटागाडी फिरते, वावरात ती कधीच येणार नाही.

2017 च्या खरिपात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने 20 हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, शेकडो लोक दवाखान्यात भरती झाले. त्यानंतर मास्क, हातमोजे, चष्मा यांची चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण त्याच विषाचे उरलेले थेंब ज्या बाटलीत राहतात, तिच्याबद्दल कोणी फारसं बोललं नाही. विकलेल्या बाटलीचा पैसा कंपनीकडे पोचतो आणि रिकामी बाटली आमच्या वावरात राहते. हा व्यवहार आम्हाला मान्य नाही.

आम्ही काही नवीन मागत नाही. कीटकनाशक कायदा 1968 चा, त्याचे नियम 1971 चे. वापरलेल्या वेष्टनांनी पाणी आणि परिसर दूषित होऊ नये, ती पुन्हा वापरात येऊ नयेत, ही जबाबदारी त्यातला 44 वा नियम उत्पादकांवरही टाकतो. नियमाने सांगितलेला उपाय मात्र डबे फोडून वस्तीपासून दूर पुरण्याचा आहे, आणि प्लास्टिक पुरून संपत नाही. पुढे 2016 च्या प्लास्टिक कचरा नियमांनी वेष्टनाची जबाबदारी उत्पादकाची ठरवली. 2022 मध्ये तिची उद्दिष्टंही ठरली: 2024-25 मध्ये कडक प्लास्टिकच्या वेष्टनांपैकी 50 टक्क्यांवर पुनर्प्रक्रिया, 2027-28 पर्यंत 80 टक्के.

मग आमच्या नाल्यात बाटल्या का? कारण हिशेब टनांचा होतो, गावांचा होत नाही. कंपनी कुठल्याही राज्यातल्या प्रक्रिया कारखान्याकडून प्रमाणपत्र विकत घेते आणि तिचं उद्दिष्ट कागदावर पूर्ण होतं. त्यासाठी बाभुळगावची एकही बाटली उचलावी लागत नाही. ही प्रमाणपत्रंसुद्धा खरीच असतील असं नाही. महाराष्ट्र, गुजरात आणि कर्नाटकातल्या काही कारखान्यांनी दिलेली सुमारे 6 लाख प्रमाणपत्रं केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्याच तपासणीत बोगस निघाली. महाराष्ट्राने 2018 मध्ये दुधाच्या पिशवीवर परतीचे 50 पैसे छापायला सांगितलं होतं. ते पन्नास पैसे आपल्यापैकी किती जणांच्या हातात पडले?

होत नाही असं मात्र कोणी सांगू नये. ब्राझीलही आमच्यासारखाच कापूस आणि सोयाबीन पिकवतो. तिथे 2000 साली कायदा झाला: शेतकऱ्याने डबा तीनदा धुवायचा आणि परत करायचा, विक्रेत्याने परतीची जागा दाखवायची, कंपनीने तो नेऊन त्याची विल्हेवाट लावायची. तिथे थेट औषध भरलेल्या डब्यांपैकी 90 टक्क्यांहून अधिक डबे परत येतात. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं? पुण्यातल्या ‘स्वच्छ’ संस्थेच्या कचरावेचक बायांनी 2013 मध्ये वापरलेले सॅनिटरी पॅड गोळा करून ते बनवणाऱ्या कंपन्यांकडे परत पाठवले होते. ज्या हातांना रोज ती घाण उचलावी लागत होती, त्याच हातांनी ती मालकाच्या दारात पोचवली. त्या बायांकडून आम्ही बळ घेतो.

आमचा वाटा आम्ही उचलू. पंप भरतानाच बाटली तीनदा विसळू आणि ते पाणी पंपातच टाकू. बाटलीला भोक पाडू, म्हणजे ती पुन्हा घरात येणार नाही. लेकरांच्या हाती देणार नाही, जाळणार नाही. एवढं शेतकऱ्याचं काम, आणि त्यात कसूर झाली तर आम्ही एकमेकांना टोकू.

त्यापुढचं काम कंपनीचं. प्रत्येक बाटलीवर अनामत रक्कम छापली जावी आणि ज्या कृषी केंद्रातून माल घेतला तिथेच ती परत मिळावी. आमच्यातले बहुतेक जण माल उधारीवर उचलतात. त्यामुळे रिकामी बाटली जमा केली की तेवढी रक्कम उधारीच्या वहीतून कमी व्हावी. कृषी केंद्रवाल्याला ठेवणावळ कंपनीने द्यावी. तोही आमच्याच गावचा आहे, त्याच्यावर फुकटचा बोजा नको. हंगामात कंपनीची गाडी गावोगाव यावी. उचललेल्या बाटल्यांचा आकडा तालुकावार जाहीर व्हावा आणि तो ग्रामसभेत वाचला जावा. यामुळे औषध महाग होईल असं कंपन्या म्हणतील. खर्च आजही होतोच आहे. तो आमच्या विहिरी, आमची जनावरं आणि भंगार वेचणारी माणसं सोसतात, म्हणून कंपनीच्या ताळेबंदात तो दिसत नाही.

सुरुवात याच खरिपापासून. प्रत्येक गावात धुऱ्यांवरच्या आणि नाल्यांतल्या बाटल्या हातमोजे घालून गोळा करायच्या, वस्तीपासून दूर कुलपाच्या खोलीत ठेवायच्या आणि कंपनीवार मोजायच्या. विषाचे डबे आम्ही टपालाने पाठवणार नाही, त्यात वाटेवरच्या माणसांना धोका आहे. आम्ही मोजणीची यादी पाठवू, ग्रामसभेचा ठराव जोडू आणि कंपनीला सांगू की तुमचा माल इथे पडला आहे, गाडी पाठवा. यादीची एक प्रत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे आणि एक महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जाईल. महिनाभरात गाडी आली नाही तर बाटल्यांचा आकडा आणि कंपनीचं नाव गावाच्या फलकावर लिहिलं जाईल, आणि पुढच्या हंगामात माल घेताना तो फलक वाचूनच दुकानाची पायरी चढायची.